रात्री अकराला डब्याकडे जाणारा हात

पत्र

डॉक्टर, मी ४४ वर्षांची आहे. सांगली जिल्ह्यात एका शाळेत शिकवते. मागच्या वर्षी पाच महिन्यांत मी ७८ किलोवरून ६५ वर आले. सगळ्यांनी कौतुक केलं, ब्लाउज नव्याने शिवून घेतले. आता आठ महिन्यांनी काटा ७२ दाखवतोय. सकाळी साडेचारला उठावं लागतं, कारण नळाला पाणी तेव्हाच येतं आणि चौघांचे डबे करायचे असतात. सकाळी मी फक्त लिंबूपाणी घेते. दुपारी सव्वाला शाळेत डबा. संध्याकाळी साडेपाचला घरी आल्यावर शुगर-फ्रीच्या गोळीचा चहा, तरी पोटात खाखा सुटते. दिवसभर स्वतःला सांभाळते, पण रात्री अकरा वाजता सगळे झोपले की मी ओट्यापाशी उभी असते आणि हातात चिवड्याचा डबा असतो. खाऊन झालं की रडू येतं. नवरा म्हणतो, ‘तुझा मनावर ताबा नाही.’ सासूबाई म्हणतात, ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं,’ आणि त्याच वेळी ताटात आणखी एक पोळी वाढतात. या हिवाळ्यात थंडीही फार वाजली. वर्गात मुलांना शिस्त शिकवते आणि स्वतःच्या जिभेला लगाम घालता येत नाही. मी मनाने इतकी कमकुवत आहे का? एक मैत्रीण वजनाचं इंजेक्शन घेतेय, मीही घ्यावं का?

उत्तर

ताई,

इंजेक्शनचं नंतर बोलू. त्याआधीच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, तुम्ही कमकुवत नाही. तुमचं मन राखायला हे म्हणत नाही. प्रॅक्टिसच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत मी स्वतः कितीतरी बायकांना ‘तोंडावर ताबा ठेवा’ एवढंच सांगून परत पाठवलं. त्यांतल्या बऱ्याच जणी पुन्हा आल्या नाहीत. माझं सांगणं अपुरं होतं आणि त्याचा दोष मात्र त्या स्वतःकडे घेऊन गेल्या, हे मला फार उशिरा कळलं. तुमचं पत्र वाचताना त्या डोळ्यांसमोर आल्या, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

नाकाच्या मुळाच्या मागे, मेंदूच्या तळाशी, पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीच्या लगेच वर हायपोथॅलॅमस नावाचा भाग असतो. आकार बदामाएवढा, वजन जेमतेम ४ ग्रॅम. भूक, तहान, अंगातली ऊब, झोप आणि जाग, पाळीचं चक्र, हे सगळं तिथून सांभाळलं जातं. तुम्ही ज्या भाषेत निश्चय करता, ती त्याची भाषा नाही. रक्तात साखर किती, मीठ किती, रक्त किती गरम, डोळ्यांवर उजेड पडतोय का, जठराकडून आणि चरबीकडून कोणती संप्रेरकं (हार्मोन्स) आली, हे त्याला कळतं आणि त्याप्रमाणे तो तुम्हाला उठवतो, बसवतो, स्वयंपाकघरात नेतो.

तहानेचं उदाहरण घ्या. रक्तातलं पाणी थोडं कमी होऊन ते एक-दोन टक्क्यांनी दाट झालं तरी तहान लागते. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमध्ये बेंग्ट अँडरसन यांनी शेळ्यांच्या हायपोथॅलॅमसमध्ये खारट पाणी अगदी सूक्ष्म प्रमाणात सोडलं, तेव्हा शरीराला गरज नसतानाही त्या शेळ्या घटाघटा पाणी प्यायला लागल्या. आता मला सांगा, एप्रिलच्या उन्हात लागोपाठ चार तास शिकवून तुम्ही घरी आलात आणि तांब्याभर पाणी एका दमात संपवलंत, तर ‘तुझा मनावर ताबा नाही’ असं कोणी म्हणेल का? भूक त्याच चार ग्रॅमच्या भागातून निघते. तिला मात्र आपण चारित्र्याची परीक्षा करून टाकलं आहे.

ही गोष्ट आपल्याकडच्या एका माणसाच्या कामाने पुढे गेली, म्हणून मुद्दाम सांगते. १९५१ साली अमेरिकेत येल विद्यापीठात बाल कृष्ण आनंद आणि जॉन ब्रोबेक यांनी दाखवलं की उंदरांच्या हायपोथॅलॅमसच्या दोन्ही बाजूंकडचा एक छोटा भाग निकामी केला, तर समोर अन्न असूनही ते खात नाहीत, उपाशी मरतात. त्याआधी १९४० मध्ये हेदरिंग्टन आणि रॅन्सन यांना याच्या उलट सापडलं होतं. मधल्या भागाला इजा झाली की उंदीर बेसुमार लठ्ठ होतात. आनंद पुढे दिल्लीच्या एम्समध्ये आले आणि तिथला शरीरक्रियाशास्त्र विभाग त्यांनी उभा केला. ‘एक भुकेचं केंद्र आणि एक तृप्तीचं केंद्र’ इतकं सोपं ते चित्र आता राहिलेलं नाही, बऱ्याच ठिकाणच्या चेतापेशी मिळून हे काम करतात. पण भुकेचा उगम पोटात किंवा जिभेत नसून मेंदूच्या तळाशी आहे, हे तेव्हापासून पक्कं झालं.

आता तुमच्या तेरा किलोंकडे येते, कारण सगळी मेख तिथे आहे.

जुन्या घरांत धान्याची कणगी असायची. घरातली मोठी बाई येता-जाता कणगीवर थाप मारायची आणि आवाजावरून ओळखायची की किती उरलंय. आवाज पोकळ आला की घरात वाढण्याचं माप बदलायचं. हायपोथॅलॅमस अशीच थाप शरीरातल्या चरबीवर मारत असतो, आणि त्याला जो आवाज ऐकू येतो त्याचं नाव लेप्टिन. हे संप्रेरक चरबीच्या पेशी तयार करतात. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं जनुक शोधलं. १९९७ मध्ये केंब्रिजच्या डॉक्टरांनी दोन चुलत भावंडांची नोंद प्रसिद्ध केली. मुलगी आठ वर्षांची आणि वजन ८६ किलो. मुलगा दोन वर्षांचा आणि २९ किलो. दोघांच्या शरीरात जन्मापासून लेप्टिन जवळजवळ नव्हतंच. चरबी एवढी, पण कणगीचा आवाज कायम पोकळ, म्हणून भूक कधी थांबतच नव्हती. लेप्टिनची इंजेक्शनं मिळाल्यावर अशा मुलांची भूक आवरली आणि वजन उतरलं. त्या लेकरांना कोणी शिस्त शिकवली नव्हती. कमी होतं ते एक संप्रेरक, आणि ते मिळालं.

तुमच्या शरीरात लेप्टिन आहे. पण पाच महिन्यांत तेरा किलो म्हणजे कणगी भराभर उपसली गेली. लेप्टिन खाली आलं आणि हायपोथॅलॅमसने त्याचा अर्थ त्याला माहीत असलेला एकच लावला: दुष्काळ पडलाय. ब्लाउज नवे शिवलेत हे त्याला कसं कळणार? मग त्याने दुष्काळात करायचं ते केलं. भूक वाढवली, अन्नाचे विचार वाढवले आणि खर्च कमी केला. जास्त वाजणारी थंडी याच काटकसरीचा भाग असू शकते. वजन पटकन उतरलं की थायरॉईडचं क्रियाशील संप्रेरक खाली येतं आणि शरीर ऊब कमी निर्माण करतं. थंडी वाजण्याची दुसरी कारणंही असतात, त्यावर पुढे बोलते.

हा दुष्काळाचा समज आठवड्याभरात जात नाही, हे लोकांना कोणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं. मेलबर्नच्या संशोधकांनी लठ्ठ स्त्री-पुरुषांना दहा आठवडे अत्यंत कमी उष्मांकाचा आहार दिला. त्यांचं वजन सरासरी साडेतेरा किलो उतरलं, जवळपास तुमच्याइतकंच. वर्षभराने पाहिलं तर काही वजन परत आलं होतं, आणि तरीही लेप्टिन कमीच होतं, भूक वाढवणारं घ्रेलिन जास्तच होतं, आणि माणसं आधीपेक्षा जास्त भूक लागल्याचं सांगत होती. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तुमच्या नवऱ्यांना पत्रातला हा एक परिच्छेद जरूर वाचायला द्या. तुम्ही ६५ वर पोचलात त्या दिवशी तुमची लढाई संपली नव्हती, तुमच्या हायपोथॅलॅमसची तेव्हा कुठे सुरू झाली होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ही निवडक, निग्रही माणसं होती. तत्त्वासाठी युद्धात लढायला नकार दिलेली आणि उपाशी लोकांच्या उपयोगी पडावं म्हणून पुढे आलेली. त्यांचं वजन सुमारे पाव भागाने घटलं. दिवसभर त्यांच्या डोक्यात जेवणाशिवाय काही राहिलं नाही. ज्यांना स्वयंपाकात कधी रस नव्हता ते पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. त्यांनाही सतत थंडी वाजायची. आणि पुन्हा मनसोक्त जेवायला मिळाल्यावर कित्येक आठवडे कितीही खाल्लं तरी समाधान होईना. विचारांसाठी समाजाचा रोष पत्करणारी माणसं मनाने कमकुवत होती असं मी तरी म्हणणार नाही.

चहाच्या गोळीबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंत, पण ते मला महत्त्वाचं वाटलं. जिवंत माणसाचा हायपोथॅलॅमस काम करताना पाहणं सोपं नाही. तो इतका लहान आणि हवेच्या पोकळ्यांच्या इतका जवळ आहे की एमआरआयमध्ये त्याचं चित्र नीट येत नाही. तरीही नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००५ मध्ये एक सुंदर प्रयोग केला. उपाशीपोटी आलेल्या निरोगी पुरुषांना त्यांनी चार वेगवेगळ्या दिवशी चार पेयं दिली: साधं पाणी, ग्लुकोजचं पाणी, कृत्रिम गोडी घातलेलं पाणी, आणि उष्मांक असलेलं पण गोड नसलेलं पाणी. ग्लुकोज प्यायल्यावर हायपोथॅलॅमसच्या वरच्या भागातला संकेत खाली आला आणि बराच वेळ खालीच राहिला. बाकी तीन पेयांनी तसं काहीच झालं नाही. नुसती गोडी पुरली नाही आणि नुसते उष्मांकही पुरले नाहीत. जिभेने दिलेली वर्दी आणि पाठोपाठ आलेला माल, दोन्ही जुळावे लागतात.

मोजक्याच माणसांवरचा हा प्रयोग आहे, त्यावरून चहात साखर घाला असं मी मुळीच सांगणार नाही. गोळीचा चहा प्या, पण तो चहा म्हणून. भूक भागवण्याचं काम त्याच्यावर टाकू नका. साडेपाचला घरी येता तेव्हा पोटाला शेवटचं काही मिळून चार तास झालेले असतात. त्या चहाबरोबर मूठभर फुटाणे-शेंगदाणे, वाटीभर मटकीची उसळ किंवा एक अंडं खाल्लं, तर खाखा सुटणार नाही. रात्रीचा चिवडा अकरा वाजता सुरू होत नाही ताई, तो साडेपाचच्या कोरड्या चहात सुरू होतो. आणि त्याच्याही आधी, सकाळच्या लिंबूपाण्यात.

साडेचारला उठून, चौघांचं रांधून, सव्वापर्यंत उपाशी. जवळजवळ नऊ तास. आपल्याकडे म्हण आहे, एकादशी आणि दुप्पट खाशी. लोक ती चिडवायला वापरतात, मला तिच्यात शरीराचं अचूक निरीक्षण दिसतं. उपास झाला की शरीर वसूल करतं. तुमची रोजच अर्धी एकादशी चालली आहे.

उंदरांवरच्या दोन प्रयोगांनी रात्रीचा तो ओट्यापाशी घुटमळणारा क्षण मला नीट समजला. दोन्ही २०१५ चे. हायपोथॅलॅमसमध्ये भुकेची हाक देणाऱ्या काही चेतापेशी आहेत. एका प्रयोगात दिसलं की त्या चेतल्या की उंदरांना ते नकोसं वाटतं. ज्या जागी त्या चेतवल्या गेल्या ती जागा ते टाळायला लागतात. म्हणजे भूक ही मोहापेक्षा टोचणी जास्त आहे, आणि खाणं ही ती टोचणी थांबवायची धडपड. दुसऱ्या प्रयोगात त्याहून विलक्षण दिसलं. अन्न नुसतं समोर आलं, एक घासही पोटात गेला नाही, तरी काही सेकंदांत त्या पेशी शांत व्हायला लागतात. जितकं चविष्ट अन्न, तितक्या जास्त शांत. त्या पेशींचं काम शोधायला लावण्याचं आहे, आणि डोळ्यांना काही सापडलं की त्यांचं काम झालं. दिवसभर टोचणी सहन केलेल्या बाईला रात्री पहिला डबा दिसतो तो चिवड्याचा. हात तिकडेच जाणार. तुम्ही लिहिलंत की खाल्ल्यावर रडू येतं. खाण्याच्या क्षणी आधी सुटका वाटते, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण ती वाटत असणार, आणि तिची लाज वाटायचं कारण नाही.

म्हणून तो डबा ओट्यावरून उचला. माळ्यावर ठेवा किंवा घरात छोटं पाकीट आणा. दिसेल अशा जागी केळी, काकडी, भाजलेले चणे असू द्या. हे क्षुल्लक वाटेल. पण जो अवयव डोळ्यांच्या वर्दीवर चालतो, त्याला वर्दीच वेगळी मिळू द्या.

आणि झोप. तुम्ही अकराला जाग्या आणि साडेचारला पुन्हा उभ्या, म्हणजे जेमतेम पाच तास. शिकागोत २००४ मध्ये १२ निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. दोन रात्री दहा तास अंथरुणात घालवल्यानंतरच्या मानाने त्यांचं लेप्टिन १८ टक्के कमी आणि घ्रेलिन २८ टक्के जास्त निघालं, आणि ओढ वाढली ती गोड, खारट, पिठूळ पदार्थांची. चिवडा यांत नेमका बसतो. कमी झोपलेल्या मेंदूला कणगी आणखी पोकळ वाजते. तुमच्या सगळ्या दिनचर्येत मला एकच गोष्ट बदलायची मुभा असती, तर मी जेवणाला हात लावला नसता, हा तास-दीड तास परत आणला असता.

तो कसा आणायचा हे घरातल्या सगळ्यांचं काम आहे. पाणी साडेचारला येतं, ठीक आहे. पण ते भरायला आठवड्यातून तीन दिवस नवऱ्यांनी उठावं. भाजी रात्री चिरून ठेवायला मुलांनी बसावं. मनावर ताबा नाही असं म्हणण्यापेक्षा हे मोलाचं ठरेल, असं माझ्या नावाने सांगा हवं तर.

सासूबाईंशी भांडू नका. त्यांच्या वेळी असलं काही नव्हतं हे त्यांच्या परीने खरं आहे. दळण-कांडण, विहिरीचं पाणी, अंधार पडला की निजानीज, आणि डबाभर चिवडा फक्त दिवाळीला. त्यांचा हायपोथॅलॅमस तुमच्यासारखाच होता, त्याच्यापर्यंत पोचणाऱ्या वर्द्या वेगळ्या होत्या. आणि ती जादा पोळी म्हणजे त्यांची माया आहे. त्यांना सांगा, ‘आई, ती पोळी मला सकाळी दुधाबरोबर वाढा.’ लिंबूपाण्याची जागा पोळी-दूध, थालीपीठ-दही, मुगाचं धिरडं यांतल्या कशाने तरी भरून निघेल आणि त्यांचा हातही रिता राहणार नाही.

जेवणाच्या वेळा शक्यतो ठरलेल्या ठेवा. घ्रेलिन नेहमीच्या जेवणाच्या आधी वाढतं आणि जेवल्यावर उतरतं. सव्वाला तुम्हाला कडकडून भूक लागते, कारण शरीराने शाळेची घंटा पाठ केली आहे. सकाळी साडेसातला आणि संध्याकाळी साडेपाचला खायला लागलात की काही आठवड्यांत याही वेळा पाठ होतील. सुरुवातीला सकाळी भूक नसेल, तेव्हा थोडंच खा.

६५ चा आकडा सध्या मनातून काढा. पुढचे सहा महिने ७२ च्या वर जायचं नाही, एवढंच ठरवा. मग दोन-तीन किलो, मग पुन्हा थांबणं. चालणं आणि जमेल तसे वजन उचलण्याचे व्यायाम सुरू ठेवा, ते वजन टिकवायला फार कामाला येतात.

तपासण्या मात्र याच महिन्यात करा: टीएसएच (थायरॉईडसाठी), एचबीए१सी (साखरेसाठी), हिमोग्लोबिन. थंडी थायरॉईडमुळेही वाजते आणि रक्त कमी असल्यानेही. पाळी अनियमित झाली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, तुमच्या वयात झोप मोडण्याचं ते एक कारण असतं. भुकेबरोबर तहान वाढली असेल, रात्री लघवीला उठावं लागत असेल, तर साखरेची तपासणी उद्याच करा. आणि खाण्यावरचा ताबा पूर्ण सुटून, पोट दुखेपर्यंत खाल्लं जातंय असं आठवड्यातून एकदा जरी होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. त्या आजारावर चांगले उपचार आहेत.

राहिलं इंजेक्शन. ती औषधं खरी आहेत, चमत्कार म्हणून विकली जाणारी चूर्णं नव्हेत. जेवल्यावर आतड्यातून निघणाऱ्या एक-दोन संप्रेरकांची ती नक्कल करतात आणि हायपोथॅलॅमसला व मेंदूच्या मागच्या भागाला ‘पोट भरलं’ ही वर्दी देतात. पण ती बंद केल्यावर बहुतेकांचं उतरलेलं वजन पुष्कळसं परत येतं, कारण वर्दी थांबते. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता हे त्रास होतात, आणि काही आजारांत ती देता येत नाहीत. मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नका. तुमची उंची, कमरेचा घेर, साखर, रक्तदाब पाहून तुमचे डॉक्टर सुचवत असतील तर जरूर विचार करा, आणि घ्यायची ठरली तर हरल्यासारखं वाटून घेऊ नका. थायरॉईडची गोळी घेणाऱ्या बाईला आपण हरली म्हणत नाही.

आजपासून पंधरा दिवस एका वहीत फक्त तीन गोष्टी लिहा: किती वाजता झोपलात, किती वाजता उठलात, आणि ओट्यापाशी गेलात ती वेळ. काय खाल्लं ते लिहू नका, किती खाल्लं तेही नाही. तपासण्यांचे आकडे आले की वहीतल्या त्या पंधरा ओळींसोबत मला पाठवा. पुढचं त्यावरून ठरवू.